त्रेचाळीसच्या पुढे

शके,

तुझ्या तेरवीला मी ताटावरून दोनदा उठले. एकदा तुझ्या माईंना पाणी हवं होतं म्हणून, आणि एकदा काहीच कारण नसताना. तुझा दादा पंगतीच्या टोकाला भाताचं पातेलं घेऊन उभा होता आणि माझ्याकडे पाहत होता. दिवसभर सायकलच्या दुकानात बसणारा माणूस तो, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा कुठून येतो ते बघत राहायची त्याला सवय. तसाच बघत होता. जेवणं आटोपली, बायका आत गेल्या, तेव्हा त्यानं विचारलंच.

"नलूताई, शकू तुमच्याच हिशेबावर गेली होती नं?"

"हो."

"त्या हिशेबात धर्मशाळा कितीवर होती?"

"त्रेचाळीसवर."

त्यानं मान हलवली आणि चटईवर सांडलेली शितं वेचायला लागला. पुढे काय विचारायचं होतं ते मला ठाऊक होतं. त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

हा त्रेचाळीसचा हिशेब तुला पाठ होता, दादाला अर्धामुर्धा कळला आहे, आणि शाळेत कुणालाच माहीत नाही. शाळेत सगळ्या एवढंच म्हणतात की कवायतीच्या बाई एकट्या हिमालयात गेल्या, अवेळी बर्फ पडला आणि धुक्यात अडकल्या. 'बाईमाणसानं एकटं जावंच कशाला' हे मग ओघानं येतं. इथे मात्र पहिल्यापासून नीट मांडते, म्हणजे चूक कुठे झाली ते दिसेल. तू मध्ये बोलू नकोस. मध्ये बोलायची तुला फार खोड.

शिक्षिकांसाठी मे महिन्यात डोंगरात फिरायचं शिबिर आहे हे पत्रक तूच शिक्षकखोलीत आणलंस आणि मला न विचारता माझंही नाव घातलंस. मग म्हणालीस, आधी पाय तयार करायचे. नागपुरात डोंगर कुठला आणायचा? म्हणून दर रविवारी सकाळी कामठीपर्यंत बसनं जायचं आणि तिथून सडकेनं कन्हानच्या पुलापर्यंत चालत जायचं, असं ठरलं. तू दादाची विजार घालायचीस आणि ट्रकवाले हॉर्न वाजवायचे. तू त्यांना हात करायचीस, मी पदर ओढून घ्यायचे.

मला पावलं मोजायची लहानपणापासूनची सवय. पण पाऊण तास मोजत चाललं की शंभर किती वेळा झाले तेच मी विसरायचे. परत येताना नागपुरात महाल भागात चना-पोहे खायला थांबलो होतो, तेव्हा तू तर्रीतला एक चना बोटावर घेऊन म्हणालीस, "हे घे वं गणितवाली. शंभर झाले का एक चना डाव्या खिशातून उजव्यात टाकाचा. झालं तुझं काम."

"अन् खाऊन टाकले तं?"

"कच्चे ठेव ना मंग! दात पडतीन तुझे, पण हिशेब नाही चुकाचा."

तेव्हापासून साठ कच्चे चने. मेणकापडाचे दोन कोट मी माझ्या मशिनवर शिवले, दोघींचे सारखे, दोन्ही बाजूंना खोल खिसे आणि वर झाकण. कामठीच्या सडकेवर मैलाचे जुने दगड अजून उभे होते. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत मला चोवीस चने लागायचे, तुला वीस. मी बुटकी, तू ताडमाड. हे मी वहीत लिहून ठेवलं. तू हसलीस.

मे महिन्यात अल्मोड्याच्या पुढे बस संपली, तिथून तीन दिवस चाललो. तिसऱ्या दिवशी झुलता पूल ओलांडून खिंडीखालच्या दगडी धर्मशाळेपर्यंत गेलो. पुलापासून धर्मशाळेच्या दारापर्यंत माझे बावन्न चने झाले. त्याच वाटेवर दहा मिनिटं धुकं आलं होतं, आठवतं ना? तू विसरणार नाहीस, तू त्यावरून मला पुढे चार महिने चिडवलंस. पुढची बाई दिसेना, मागची दिसेना, माझा स्वतःचा बूट दिसेना. मी खाली बसले आणि तुझी बाही धरून ठेवली. मला रडू फुटलं होतं. आपल्याला ऊन माहीत. कपाळ भाजणारं, डांबर वितळवणारं ऊन असलं तरी समोर काय आहे ते त्यात दिसतं. हे पांढरं असं होतं की आपण उभे आहोत की पडलो, तेही कळेना.

तू माझ्या शेजारी उकिडवी बसलीस. म्हणालीस, "नले, किती झाले?"

"सदतीस."

"मंग अडतीसावा काहून नाही टाकून राहिली? ऊठ. एक, दोन, तीन. मोज वं, मोठ्यानं मोज."

मी मोठ्यानं मोजत उठले. अडतीसावा चना उजव्या खिशात पडेपर्यंत मी तुझी बाही सोडली होती.

त्या संध्याकाळी धर्मशाळेत आपला वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही. माझं म्हणणं, मोजल्यामुळे आपण कुठे आहोत ते कळतं. तुझं म्हणणं, "मोजल्यानं डोकं ठिकाणावर राहते, बस्स. ठिकाण कोणतं हाय ते डोंगर सांगते, तुझा चना नाही." मी म्हटलं, धुक्यात डोंगर तोंड उघडत नाही, तिथे आकडाच खरा. तू म्हणालीस, "आकडा तं इथं बसून बनवला ना तू? डोंगराले विचारला का?" शिबिरातल्या बाकीच्या बायका झोपायला लागल्या तरी आपण भांडतच होतो. दुसऱ्या दिवशी खिंड बंद आहे म्हणून सगळ्यांना परत फिरवलं. तू सगळ्यांच्या मागे राहून वळून वळून वर पाहत होतीस. तेव्हाच मला समजलं, ही इथे परत येणार.

दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं, दोघींनीच. सुट्टीच्या पुढे मागे चार दिवस लागणार होते, म्हणून रजा हवी होती. तू तुझी लगेच मंजूर करून आणलीस. माझी झाली नाही. हेडबाई गणिताच्या बाईंना सोडत नाहीत, सहामाहीचे पेपर तपासायचे आहेत, असं मी तुला सांगितलं. तू हेडबाईंना काय काय नावं ठेवलीस! मी खाली मान घालून ऐकून घेतलं.

शके, मी रजा मागितलीच नव्हती.

अर्ज लिहिला होता. पर्समध्ये तीन दिवस फिरवला. ते दहा मिनिटांचं पांढरं डोळ्यांपुढून जात नव्हतं. भीती वाटते, एवढे दोन शब्द मला तुझ्यासमोर उच्चारता आले नाहीत. तू हसली असतीस, दोन दिवस चिडवलं असतंस, आणि बहुतेक म्हणाली असतीस, बरं, पुढच्या मेमध्ये जाऊ. एवढंच झालं असतं.

मला वाटलं होतं, मी नाही म्हटल्यावर तू बेत सोडशील. तुला मी ओळखते म्हणवते आणि असं मला वाटलं! लक्ष्मीपूजन झालं आणि तू निघालीस, भाऊबीजेलाही थांबली नाहीस. दादा अजून म्हणतो, "ओवाळाले बी नाही थांबली." स्टेशनवर माईंनी तुझ्या पिशवीत कांदा घातला, नागपूरकर उन्हाळ्यात घराबाहेर पडताना ऊन बाधू नये म्हणून घालतात तसा. तू म्हणालीस, "माई, तिथं लू नाही लागत वं, तिथं बर्फ राहते." माई म्हणाल्या, "राहू दे. कांद्यानं काही बिघडत नाही." मग मी तुझ्या हातात चिठ्ठी दिली. पूल ते धर्मशाळा, माझे बावन्न, तुझे त्रेचाळीस. सहावीतल्या मुलीनं सोडवावं असं त्रैराशिक. मी म्हटलं, "माझ्याच्यानं येणं होत नाही, तं माझा आकडा ने."

तू चिठ्ठी वाचलीस. "डोंगराले विचारला का?"

"तुले काय विचाराचं ते विचार. धुकं आलं तं त्रेचाळीस मोजजो, अन् दाराले हात लावजो."

गाडी हलली तेव्हा तू बोटांनी चार आणि तीन दाखवलेस. मला केवढं बरं वाटलं होतं. आपण गेलो नाही, पण आपलं काही तरी सोबत दिलं, असं मनाला समजावत मी घरी आले आणि दोन वाट्या चिवडा खाल्ला.

आता चूक ऐक. बर्फात पाऊल आखूड पडतं. गुडघ्यापर्यंत पाय रुततो, तो उपसून काढायचा, पुढे टाकायचा, पुन्हा उपसायचा. कामठीच्या डांबरावरचं तुझं लांब पाऊल तिथे माझ्याएवढंसुद्धा पडलं नसेल. हे कुठल्याही पहाडी बाईनं मला सांगितलं असतं. आपल्याला बर्फ माहीत तो रसवंतीतला, गोणपाटात गुंडाळलेला. पंधरा वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईनं पायाखालची जमीन बदलली हे धरलंच नाही. तुझं पाऊल लांब म्हणून आकडा उलट कमी केला.

तार आधी आली, तुझं कार्ड नंतर. तार मी दादाच्या दुकानात उभ्या उभ्या वाचली. चार दिवसांनी पोस्टमन शाळेत कार्ड देऊन गेला, आणि हस्ताक्षर पाहून क्षणभर मला खरंच वाटलं की तारच खोटी होती. पुलाअलीकडच्या शेवटच्या वस्तीतून तू लिहिलं होतंस: 'इथला दुकानदार म्हणतो, दोन दिवस थांबा, ढग चांगले नाहीत. थांबते तर सुट्टी संपते. धर्मशाळेत कुणी नाही, पण दाराला नुसती कडी आहे आणि आत लाकडं आहेत, असं म्हणतो. उद्या पहाटे निघेन. तुझा आकडा पाठ झाला आहे.' ते शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं ते मोजलेलं नाही.

दादा जाऊन तुला अग्नी देऊन आला. त्यानं सांगितलं तेवढंच मला माहीत आहे. दुपारपासून बर्फ लागला, तीन दिवस धुकं हललं नाही. चौथ्या दिवशी मेंढ्या घेऊन उतरणाऱ्या माणसांना तू दिसलीस.

"खडकाच्या आडोशाले बसली होती," दादा म्हणाला. "पिशवी मांडीवर. झोप लागल्यावानी. त्यायनं उचलून धर्मशाळेत नेऊन ठेवली, अन् मंग खाली निरोप धाडला. मी गेलो तेव्हा आभाळ एकदम मोकळं होतं. त्या खडकापासून धर्मशाळेचं छप्पर दिसते, नलूताई."

"किती पावलं असतीन?"

"मी काय तुमच्यावानी मोजत बसतो का!" तो पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. मग खाली बघत म्हणाला, "चारशे. पाचशे धरा."

पाचशे. पाच चने.

तेव्हापासून मी तुला रोज त्या वाटेवर पाहते. फळ्यावर समीकरण लिहिताना, भाकरी थापताना, शेवंतीच्या कुंडीला पाणी घालताना. चाळीस होतात. एकेचाळीस. हात बधिर, खिशाचं झाकण उघडायला वेळ लागतो. बेचाळीस. तू समोर हात करून चालतेस, कारण आता दार येणार, नलीनं सांगितलं आहे. त्रेचाळीस. दार नाही. भिंत नाही. पांढरं. तू विचार करतेस, आकडा तर बरोबर आहे, नलीचा आकडा चुकत नाही, म्हणजे धर्मशाळा इथेच कुठे तरी डावीउजवीकडे राहिली. पुढे गेलो तर आणखी चुकू. धुकं हटेपर्यंत बसावं. खडक हाताला लागतो आणि तू बसतेस. पाच चने अलीकडे. मी सांगितलं त्या जागी.

दादाला हेच विचारायचं होतं. त्रेचाळीसवर थांबली का?

तेरवीच्या दिवशी माईंनी तुझा कोट माझ्या हातात ठेवला. "तूनं शिवला, तूच ने," म्हणाल्या. "कांदा मी ठेवून घेतला." कोट घरी आणून मी खुंटीला टांगला. दोन्ही खिशांची झाकणं लावलेली होती. बाहेरून हात लावला की आत कडक दाणे लागत होते. म्हणजे उत्तर तिथेच होतं, माझ्या घरात, खुंटीवर. अकरा दिवस मी त्या खोलीत जाताना भिंतीकडे पाहिलं नाही. परीक्षेच्या निकालाला घाबरणाऱ्या मुलींवर मी किती ओरडले आहे!

काल रविवार होता. कोट पिशवीत घातला आणि पहिल्या बसनं कामठीला गेले. तिथून चालत कन्हानच्या पुलावर. नदीवर दाट धुकं होतं, पुलाचा पलीकडचा अर्धा भाग नव्हताच. तरी परत फिरले नाही. एवढं तरी तुला दाखवायचं होतं. कठड्याशी उभी राहिले, रुमाल अंथरला आणि उजव्या खिशाचं झाकण उघडलं.

चने भिजून फुगले होते आणि नंतर वाळून सुरकुतले होते. दोनतीनांना मोड येऊन सुकले होते. मी एकेक काढून रुमालावर ठेवायला लागले, मोठ्यानं मोजत, जसं तू मला मोजायला लावलं होतंस. तीस. चाळीस. एकेचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीसावा ठेवला आणि खिशात हात घालायची हिंमत होईना. एक बैलगाडी गेली, तिचा कंदील दिसेनासा होईपर्यंत मी तशीच उभी होते.

मग हात घातला. खिशात अजून चने होते.

चव्वेचाळीस. पंचेचाळीस. मी रडत होते आणि मोजत होते. एक्कावन्न. उजवा खिसा संपला. डाव्यात नऊ. एक्कावन्न आणि नऊ, साठ. एकही सांडला नव्हता.

तू थांबली नव्हतीस. त्रेचाळीसला दार आलं नाही तेव्हा तू माझी चिठ्ठी मनातल्या मनात फाडून टाकलीस आणि पुढे चालू लागलीस, गुडघाभर बर्फात आणखी आठशे पावलं. तुझं पाऊल आखूड पडत होतं हे तुझ्या पायांना कळलं होतं, माझ्या वहीला कळलं नव्हतं. तू डोंगराला विचारलंस, शके. वीस वर्षं मी तुझ्याशी भांडले की तू माझं म्हणून काही ऐकत नाहीस. तू ऐकलं नाहीस, याचे आज मी तुझे पाय धरते. वाद तू जिंकलास, सवाष्णीसारखा मान घे आणि आता तरी गप्प बस.

पण माझी सुटका एवढ्यानं होत नाही, हेही मला तिथेच समजलं. तू दमून बसलीस तेव्हा पाच चने उरले होते, आणि पाच चने म्हणजे काही फार नव्हे. फक्त शेजारी उकिडवं बसून कुणी तरी म्हणायला हवं होतं, बावन्नावा काहून नाही टाकून राहिली? ऊठ. ते म्हणणारी नागपुरात पेपर तपासत होती.

मी सगळे चने जसेच्या तसे खिशात भरले, एक्कावन्न उजवीकडे, नऊ डावीकडे. कोट अंगात घातला. तो मला पार गुडघ्यापर्यंत येतो. मग पूल ओलांडून त्या धुक्यात पुढे चालायला लागले. एक, दोन, तीन. शंभर झाले, बावन्नावा चना टाकला. त्रेपन्न. चोपन्न. पंचावन्न. काही दिसत नव्हतं. भीती वाटत होती, पण मोजत राहिले. छप्पन्नावा टाकला आणि थांबले. इथे तुझ्या हाताला दार लागलं असतं.

तिथे उभी राहून मी मोठ्यानं म्हटलं, "शके, रजा मी मांगितलीच नव्हती वं. मले भेव लागलं होतं."

धुक्यातून घंटी वाजली. दुधाचे डबे लावलेली सायकल समोर आली, तिच्यावरच्या म्हाताऱ्यानं पाय टेकला. एवढ्या मोठ्या कोटातल्या बाईकडे त्यानं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोनाले आवाज देऊन राहिल्या बाई? कोनी मांगं राहिलं का?"

"हो गा," मी म्हटलं. "मीच राहिली होती."